वाचकांचे प्रश्न : लेबर रूममधलं संशोधन

नर्सिंग आणि प्रसूतिसेवेतल्या संशोधनाबद्दल ठाणे-नवी मुंबईतून आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींचे, काही वॉर्डातल्या सिस्टरांचे आणि एक गरोदर वाचकाचा. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, स्पेशालिटी ओबीजी (प्रसूती व स्त्रीरोग). ‘स्तनपानाविषयी मातांच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा परिणाम’ हा विषय सुचवला गेलाय. लायब्ररीत याच विषयाचे ढीगभर प्रबंध दिसले. करू की नको? — विद्यार्थिनी, नेरुळ

ढीगभर आहेत, कारण तो विषय सोपा पडतो. आधी तीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका, मग पाऊण तास फ्लिपचार्ट घेऊन शिकवणं, सातव्या दिवशी पुन्हा तीच प्रश्नपत्रिका आणि शेवटी आधीचे-नंतरचे मार्क ताडून बघणारी पेअर्ड टी-टेस्ट. निकाल सुरू करायच्या आधीच माहीत असतो. शिकवल्यावर मार्क वाढतात हे सिद्ध करायला विद्यापीठ कशाला हवं? त्यात नियंत्रण गट (न शिकवलेल्या बायकांचा तुलनेचा गट) नसला, की वाढ शिकवण्यामुळे झाली, तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवल्यामुळे झाली की मधल्या दिवसांत शेजारच्या कॉटवरच्या बाईने सांगितल्यामुळे झाली, हे सांगता येत नाही. आणि मार्क वाढले म्हणून बाळाला दूध वेळेवर मिळालं का, हे तर कुणी बघितलेलंच नसतं.

विषय सोडू नका, मोजायची गोष्ट बदला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याचं दिसतं. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे आई आपल्याच टेबलावर असते, सिस्टर शेजारी उभी असते आणि तरीही पहिला तास निघून जातो. तो आईच्या अज्ञानामुळे जातो, असं गृहीत धरूनच टीचिंग प्रोग्रॅमचे प्रबंध लिहिले जातात. आमच्या मते बराचसा तास आपल्या कामाच्या क्रमात जातो, आणि हे मोजून दाखवता येतं.

त्यासाठी एक घड्याळ आणि चार वेळा पुरतात. बाळ पूर्ण बाहेर आल्याची वेळ, नाळेला क्लॅम्प लावल्याची वेळ, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवल्याची वेळ आणि पहिल्यांदा सलग चोखू लागल्याची वेळ. या चारांच्या मध्ये काय काय घडलं ते दुसऱ्या रकान्यात लिहा : पुसणं, वजन, टॅग बांधणं, व्हिटॅमिन के, पायाचा ठसा, बाहेर नातेवाइकांना दाखवायला नेणं, टाके पूर्ण होईपर्यंत वॉर्मरखाली ठेवणं. दहा-पंधरा प्रसूती अशा नोंदवल्यात की वेळ कुठे जातो ते दिसायला लागेल. मग तुमचा हस्तक्षेप म्हणजे व्याख्यान नसेल; ‘वजन आणि टॅग पहिल्या दुधानंतर’ एवढा एक बदल असेल, आणि मोजमाप असेल मिनिटांत.

दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला व्याख्येचा. ‘स्तनपान सुरू झालं’ म्हणजे बाळाचं तोंड निपलला लागलं, की त्याने चोखायला सुरुवात केली? आधी लिहून ठेवा, आणि तुमच्याबरोबर आणखी एकीला उभं करून दहा प्रसूतींत दोघींनी एकमेकींचं न बघता वेळ नोंदवा. दोघींच्या नोंदी जुळल्या नाहीत तर व्याख्या ढिली आहे. दुसरा घोळ गटांचा. एकाच लेबर रूममध्ये, एकाच दिवशी, एका बाईला नवी पद्धत आणि पलीकडच्या टेबलावर जुनी, असं चालत नाही. सिस्टर त्याच असतात, हात आपोआप नव्या पद्धतीने चालायला लागतो. त्यापेक्षा काही आठवडे जुनी पद्धत पूर्ण नोंदवून घ्या आणि मग सगळ्या युनिटला एकदम नव्यावर आणा. हे रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी) नव्हे, प्रबंधात तसं स्वच्छ म्हणा.

जाता जाता : एपिसिओटॉमीच्या (प्रसूतीवेळी योनिमुखाला दिलेल्या छेदाच्या) जखमेवर सिट्झ बाथ (कोमट पाण्यात बसणं) बरा की इन्फ्रारेड लॅम्प, यावरही गठ्ठ्याने प्रबंध आहेत. जागतिक आरोग्य संघटना सरसकट एपिसिओटॉमीची शिफारस करत नाही. मग आपल्या युनिटमध्ये पहिलटकरणींपैकी कितीजणींना छेद दिला जातो आणि केसपेपरवर त्याचं कारण लिहिलेलं असतं का, हा प्रश्न आधीचा नाही का?

प्रश्न : सिनियर म्हणतात ३० आणि ३० मिळून ६० घे, सगळे तेवढेच घेतात. एथिक्स कमिटीने (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीने) मात्र ‘सॅम्पल साईझ जस्टिफाय करा’ असा शेरा मारून फाईल परत पाठवली. काय लिहू? — विद्यार्थिनी, कामोठे

शेरा बरोबर आहे. ३० हा आकडा सोयीचा म्हणून रूढ झालाय. किती लागतील हे, तुम्ही काय मोजताय आणि किती फरक पकडायचाय, यावर ठरतं.

सरासरीची तुलना असेल तर असं करा. समजा दहापैकी वेदनेचा स्कोअर मोजताय, आधीच्या अभ्यासांत स्टँडर्ड डेव्हिएशन (स्कोअरचा पसारा) २ आहे आणि दीड गुणाचा फरक बाईला जाणवण्याजोगा मानताय. ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) यांसाठी १.९६ आणि ०.८४ यांची बेरीज २.८, तिचा वर्ग ७.८४, त्याची दुप्पट १५.६८. याला २ च्या वर्गाने, म्हणजे ४ ने गुणा आणि दीडच्या वर्गाने, म्हणजे २.२५ ने भागा. २७.९ येतात, म्हणजे प्रत्येक गटात २८. दहा टक्के गळती धरली तर २८ ला ०.९ ने भागून ३२. इथे ३०-३० वाल्या सिनियरचं नशीब जोरावर होतं म्हणायचं.

आता टक्केवारी घ्या. तासाभरात दूध मिळणारी बाळं ४० टक्क्यांवरून ६० वर न्यायची आहेत. ७.८४ ला (०.४ गुणिले ०.६ अधिक ०.६ गुणिले ०.४), म्हणजे ०.४८ ने गुणा आणि ०.२ च्या वर्गाने, ०.०४ ने भागा. ९४.०८, म्हणजे एका गटात ९५. गळतीसह १०६, दोन्ही गट मिळून २१२. यात ३०-३० घेतले असते तर साधारण ३५ टक्क्यांचा फरक पडला तरच तो पकडता आला असता. २० टक्क्यांची खरी सुधारणा ‘नॉट सिग्निफिकंट’ म्हणून फेकली गेली असती. आणि नुसती एका गटातली टक्केवारी काढायची असेल, काहीच अंदाज नसेल, तर ५० टक्के धरून ५ टक्के अधिक-उण्याच्या अचूकतेसाठी ३८५ लागतात.

आकडा निघाला की तो मिळेल का, हे लेबर रूमच्या रजिस्टरवर तपासा. समजा महिन्याला २५० प्रसूती होतात. सिझेरियन, अपुऱ्या दिवसांची आणि एनआयसीयूत गेलेली बाळं वगळून १५० उरल्या. तुम्ही एकाच शिफ्टला हजर असता, म्हणजे ५०. त्यातल्या पाचपैकी चारजणी हो म्हणाल्या तर ४०. म्हणजे २१२ साठी पाच महिन्यांहून जास्त. हे गणित सिनॉप्सिसमध्येच (प्रबंधाच्या आराखड्यातच) मांडलंत तर कमिटीचे पुढचे दोन प्रश्न वाचतील. डेटा गोळा करायला तीनच महिने असतील तर सॅम्पल कापू नका, प्रश्न बदला.

प्रश्न : एथिक्स कमिटी म्हणते आधी रुग्णालयाची परवानगी आणा. रुग्णालय म्हणतं आधी एथिक्सचं पत्र आणा. आणि सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी) कधी करायचं? — विद्यार्थिनी, ठाणे

या कोंडीवर उपाय एका वाक्याचा आहे. रुग्णालयाकडे ‘संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून हरकत नाही’ असं पत्र मागा. अर्जासोबत दोन पानी सारांश जोडा : कोणत्या वॉर्डात, कोणत्या वेळी, किती महिने, रुग्णालयाला खर्च शून्य, वॉर्डाच्या स्टाफवर जादा काम किती. हे शेवटचं सगळ्यात आधी वाचलं जातं. अर्ज कुणाकडे जाईल ते रुग्णालय कुणाचं यावर अवलंबून. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, वाशीचं सार्वजनिक रुग्णालय नवी मुंबई महापालिकेचं, तर ठाण्याचं सिव्हिल राज्य शासनाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. महापालिकेच्या पत्राने सिव्हिलचं दार उघडत नाही. रुग्णालयाची स्वतःची एथिक्स कमिटी असेल तर कॉलेजच्या मंजुरीवर भागेल असं समजू नका, आधी विचारा.

क्रम असा ठेवा : कॉलेजची संशोधन समिती, रुग्णालयाचं सशर्त पत्र, एथिक्स मंजुरी, मग हस्तक्षेप असलेला अभ्यास असेल तर सीटीआरआय नोंदणी, मग पायलट (आधीची छोटी चाचणी). नोंदणी मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून ती पहिली सहभागी घेण्याआधीच करावी लागते. मागाहून होत नाही. तपासणीसाची शंका आली की उत्तर द्या, पुन्हा शंका, पुन्हा उत्तर, असे फेरे होतात, तेव्हा वेळ राखून ठेवा. ‘पायलटच आहे, त्याला काय परवानगी’ असं म्हणून सुरुवात करणाऱ्या बऱ्याच असतात. पायलटमधली बाईसुद्धा माणूसच असते. तिलाही मंजुरीनंतरच घ्यायचं.

संमतीबद्दल वेगळं सांगतो. कळा भरात आलेल्या बाईपुढे कागद धरणं म्हणजे संमती नव्हे. माहितीपत्रक एएनसी ओपीडीत (गरोदरपणाच्या तपासणीला येते तिथे), शेवटच्या तिमाहीत द्या, घरी नेऊ द्या, आणि दाखल झाल्यावर सुरुवातीच्या काळात पुन्हा एकदा विचारा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या, आणि सही करणारा साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा. वॉर्डातली तुमचीच मैत्रीण चालत नाही. वयाची अट १८ पूर्ण ठेवा. १८ खालची मुलगी प्रसूतीला आली तर पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) पोलिसांना कळवण्याची जबाबदारी तुमच्या अभ्यासाबाहेरही आहेच, हे कुणी विसरू नये.

प्रश्न : प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मोजायचाय. वॉर्डात सगळे ‘अंदाजे २००’ लिहितात. ड्रेप (रक्त साठवून मोजायची खुणांची प्लास्टिक पिशवी) विकत घ्यायला पैसे नाहीत. वजनावर मोजला तर चालेल? — विद्यार्थिनी, बेलापूर

चालेल, आणि नजरेपेक्षा कितीतरी खरा असेल. डोळ्याचा अंदाज कमी निघतो, आणि रक्त जितकं जास्त तितका तो जास्त चुकतो. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी.

एक ग्रॅम वाढीव वजन म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त धरा. एक ग्रॅमपर्यंत वाचणारा, पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने, उदाहरणार्थ सलाईनच्या न फोडलेल्या बाटलीने, तो तपासा. पॅड, मॉप, अंडरशीट यांचं कोरडं वजन आधीच घेऊन तक्ता भिंतीला लावा. बॅच बदलली की पुन्हा वजन, कारण दोन बॅचच्या पॅडमध्ये फरक असतो. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं, की लगेच भिजलेली चादर काढून कोरडी अंडरशीट सरकवा आणि मोजणं तिथून सुरू करा. हे चुकलं तर तुम्ही पाणीच मोजत बसाल. वार पडल्यावर ती वेगळ्या भांड्यात. तिच्यासोबतच्या गुठळ्या मात्र मोजायच्या. तासाभराने सगळं एकत्र वजन करून कोरडं वजन वजा करा. रक्त थांबलं नसेल तर दुसऱ्या तासालाही.

प्रत्यक्षात गडबड होते ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीपाशी. टाके होता होता आवरायला आलेली मावशी भिजलेले मॉप उचलून टाकून देते, तिचं कामच ते. म्हणून ‘वजन बाकी’ असं मराठीत लिहिलेला वेगळा ट्रे ठेवा आणि तिन्ही शिफ्टच्या मावशींना स्वतः भेटून सांगा. प्रोटोकॉलमध्ये त्यांचा उल्लेख नसतो, पण तुमचा डेटा त्यांच्या हातात असतो. कॅथेटर नसेल तर लघवीही मिसळते. तसं झालं की त्या केसवर खूण करा, आकडा सजवू नका.

या मोजण्याला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या शेजारचा आहे. बेळगाव जिल्ह्यात १६२० बायांवर झालेल्या चाचणीत, २००६ साली ती प्रसिद्ध झाली, एएनएम सिस्टरांनी (गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी) गावात मिसोप्रोस्टॉलच्या (गर्भाशय आकसून रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या) ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या दिल्या आणि रक्त खुणा केलेल्या ड्रेपमध्ये मोजलं. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. पुढे २०२३ मध्ये ई-मोटिव्ह चाचणीत आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत ड्रेप आणि ठरलेले उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत वापरली. ५०० मिलिलिटर, किंवा ३०० आणि सोबत धोक्याचं एखादं लक्षण, असं दिसलं की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव, तपासणी आणि वरिष्ठांना बोलावणं, सगळं एका झटक्यात. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. तुमच्या प्रबंधासाठी यातून घ्यायचं ते एवढंच : मोजलेला आकडा ज्या क्षणी ठरलेल्या रेषेपलीकडे जाईल त्या क्षणी तुम्ही संशोधक राहत नाही, सिस्टर होता. ‘नोंद पूर्ण होईपर्यंत थांबले’ हे कुठल्याही कमिटीपुढे टिकणार नाही.

प्रश्न : पार्टोग्राफचं (प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या तक्त्याचं) ऑडिट करतेय. कागद सगळे पूर्ण भरलेले आहेत. मग लिहायचं काय? — विद्यार्थिनी, पनवेल

पूर्ण भरलेला पार्टोग्राफ हीच संशयाची पहिली जागा. तो प्रसूती होता होता भरला की झाल्यावर बसून, हे बघा. एकाच पेनाने, एकाच हाताने, तीन शिफ्ट ओलांडणारी नोंद? बाळाचे ठोके पहिल्यापासून शेवटपर्यंत १४०, १४०, १४०? खरे ठोके १३४ असतात, १४७ असतात. शून्यावर संपणाऱ्या नोंदींचं प्रमाण काढा. ते दहात एकाच्या आसपास असायला हवं. मोबाईलच्या ॲपवर एक मिनिट मोजलेले ठोके आणि कागदावरचे ठोके शेजारी ठेवा, पण ही तुलना एथिक्समध्ये आधी लिहून घ्या.

कोणता तक्ता वापरात आहे तेही नोंदवा. जुन्यात सक्रिय टप्पा गर्भाशयमुख ४ सेंटिमीटर उघडल्यापासून धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाईडमध्ये ५ पासून, आणि त्यात सोबतीची व्यक्ती, पाणी पिणं, बाईची स्थिती यांचेही रकाने आहेत. दोन्ही एकाच निकषावर तपासले तर ऑडिट वाया जातं.

प्रश्न : प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी एडिनबरा स्केल वापरायचीय. गुगलवर मराठी करून घेतली तर? — विद्यार्थिनी, ऐरोली

नको. दहाच वाक्यं आहेत, पण एकेका शब्दावर स्कोअर फिरतो. मूळ इंग्रजी स्केल १९८७ ची, प्रत्येक वाक्याला ० ते ३, एकूण ३० पैकी, मागच्या सात दिवसांबद्दल. लेखकांची नावं, शीर्षक आणि मूळ प्रकाशनाचा उल्लेख ठेवलात तर छापून वापरायला परवानगी लागत नाही.

आधी कुणी तपासून घेतलेली मराठी आवृत्ती मिळते का ते शोधा. नसेल तर दोघींनी स्वतंत्र मराठी करायचं, एक वैद्यकीय क्षेत्रातली आणि एक नसलेली. दोन्ही जुळवून एक मसुदा. तिसऱ्या, मूळ स्केल न पाहिलेल्या व्यक्तीकडून तो परत इंग्रजीत. मूळाशी ताडून पाहिल्यावर खटकलेली वाक्यं पुन्हा. मग आठ-दहा बाळंतिणींना वाचून दाखवा आणि ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारा. ऐरोली-दिवा पट्ट्यात आगरी बोलणाऱ्या आहेत, दिघ्यात घाट आणि मराठवाड्यातून आलेल्या, तुर्भ्यात हिंदीच बोलणाऱ्या कितीतरी. ‘उदास वाटतं’ या शब्दाला बऱ्याचजणी नुसत्या बघत राहतात. ‘कशात मन लागत नाही’ म्हटलं की बोलायला लागतात. हिंदीचा वेगळा मसुदा लागेल, मराठीवरून तोंडी हिंदी करणं चालणार नाही.

तज्ज्ञांकडून कंटेंट व्हॅलिडिटी (वाक्य विषयाला धरून आहे का याचा निर्वाळा) घेताना पाच तज्ज्ञ असतील तर प्रत्येक वाक्यावर पाचही सहमत हवेत. सहा किंवा जास्त असतील तर सहमतीचं प्रमाण ०.७८ चालतं. क्रोनबाख अल्फा (वाक्यं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.७ च्या वर. मूळ अभ्यासातला १३ चा कट-ऑफ (नैराश्याची शंका धरायची रेषा) मराठी आवृत्तीला तसाच लागू पडेल असं धरू नका. गोव्यात कोकणी आवृत्तीसाठी तो खाली आणावा लागला होता.

आणि दहावं वाक्य. ते स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, एकूण स्कोअर कितीही कमी असो, तरी त्याच दिवशी, बाई वॉर्ड सोडण्याआधी डॉक्टरांना कळवायचं. कुणाला, कोणत्या नंबरवर, सुट्टीच्या दिवशी कोण, हे प्रोटोकॉलमध्ये नावानिशी लिहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर छापा.

प्रश्न : सहा आठवड्यांनी पुन्हा भेटायचं होतं. ८० पैकी निम्म्या बायका फोनच उचलत नाहीत. — विद्यार्थिनी, कोपरखैरणे

त्या माहेरी गेल्यात. कुणी साताऱ्याला, कुणी कोकणात, कुणी जौनपूरला, आणि नंबर होता नवऱ्याचा, तो कामावर. दाखल करतानाच तीन नंबर घ्यावेत : तिचा, नवऱ्याचा, आणि बाळंतपणानंतर ती जिथे राहणार त्या घरातला. ‘डिस्चार्जनंतर कुठे राहणार?’ हा प्रश्न फॉर्मवर छापाच. भेटीची तारीख सहा आठवड्यांच्या लसीला जोडा. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस चुकवू नये म्हणून बाई येतेच, फक्त ती तिथल्या केंद्रावर जाते. म्हणून मूळ प्रोटोकॉलमध्येच फोनवरून मुलाखतीची परवानगी घेऊन ठेवावी. फोन दुपारी दोन ते चारमध्ये करा. आंघोळ, मालिश, शेक आटोपलेले असतात.

आता जे हातातून गेलं त्याचं काय? न सापडलेल्यांची आणि सापडलेल्यांची तुलना द्या : वय, कितवं बाळंतपण, सिझर की नॉर्मल, पत्ता. सापडलेल्या फक्त इथे राहणाऱ्या असतील, तर निष्कर्ष तेवढ्यांपुरताच.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. ओपीडीत एका विद्यार्थिनीने संशोधनाच्या कागदावर सही मागितली. नाही म्हटलं तर प्रसूतीच्या वेळी त्रास देतील का? — वाचक, ठाणे पूर्व

नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि हो म्हणून मध्येच थांबण्याचाही. कारण सांगावं लागत नाही, उपचारात फरक पडता कामा नये, आणि हे त्या कागदावर लिहिलेलं असायला हवं. सहीआधी पाहा : तुम्हाला कळणाऱ्या भाषेत आहे का, नेहमीच्या तपासण्यांव्यतिरिक्त रक्त किंवा काही जादा घेणार का, त्रास झाला तर उपचार मोफत आहेत का, संशोधक आणि एथिक्स कमिटी दोघांचा फोन नंबर आहे का. एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. फोटो किंवा व्हिडिओची सही वेगळी असते. नवऱ्याची किंवा सासूची परवानगी कुणी मागितली तर सांगा, की तुम्ही सज्ञान आहात. त्यांच्याशी चर्चा जरूर करा, सही तुमची. घरी नेऊन वाचते म्हणालात तर चांगली संशोधक खूशच होईल.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगची पदविका), चौदा वर्षं लेबर रूममध्ये. कॉलेज नाही, गाईड नाही. मलाही काही करता येईल? — स्टाफ नर्स, कळवा परिसर

तुमच्याकडे आहे ते विद्यार्थिनींकडे नसतं : रोजचं टेबल. एक लहान गोष्ट निवडा. वॉर्डात आलेल्या बाळाचं तापमान घ्या. काखेत डिजिटल थर्मामीटर, बीप होईपर्यंत. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक, खाली गेलं तर बाळ गारठलंय. लेबर रूमचं तापमान २५ च्या वर हवं; पण एसी डॉक्टरांच्या गाऊनच्या सोयीने लावलेला असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. भिंतीवर साधा थर्मामीटर टांगा. पंधरा दिवस नुसतं मोजा, काही बदलू नका. मग एकच बदल : बाळ बाहेर यायच्या आधी एसी बंद, दोन गरम टॉवेल तयार. रोज गारठलेल्या बाळांची टक्केवारी आलेखावर बिंदूने. पहिल्या पंधरा दिवसांची मध्यक रेषा काढा; सलग सहा बिंदू तिच्या एकाच बाजूला गेले तर बदल खरा मानतात. एका वेळी दोन बदल केलेत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

हे वॉर्डापुरतं गुणवत्ता सुधारणेचं काम आहे. लेबर रूमच्या गुणवत्तेसाठीच्या सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमात अशाच नोंदी लागतात, तेव्हा इन्चार्ज सिस्टर अडवायची शक्यता कमी. छापायचं किंवा परिषदेत मांडायचं असेल तर सुरू करायच्या आधी एथिक्स कमिटीला अर्ज करा. सूट द्यायची की नाही ते तिने ठरवायचं, आपण नव्हे.

प्रश्न : नोकरी सांभाळून पीएच.डी. होते का? — ट्यूटर, घणसोली

होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना त्यापुढे सवलत आहे आणि प्रसूती-बालसंगोपन रजा २४० दिवसांपर्यंत. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, इथली अभिमत विद्यापीठं आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचा राष्ट्रीय कन्सॉर्शियम, तिन्हीकडचे प्रवेशाचे नियम वेगळे, तेव्हा ते त्यांच्याच अधिसूचनेत वाचा. साहित्यचोरीच्या तपासणीत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. जुन्या प्रबंधातला ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ उचलणाऱ्यांनी हे दोन आकडे डोक्यात ठेवावेत. आणि गाईड निवडताना त्यांच्या हाताखाली आधी कितीजणी नोंदल्या आणि कितीजणींचं पूर्ण झालं, हे त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनींना फोन करून विचारा.